एकोणसत्तर जीबी

खालापूरच्या तहसील कचेरीत जेवणाची सुट्टी झाली नसती, तर मी समोरच्या दुकानात शिरले नसते. बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याच्या तीन प्रती हव्या होत्या. दुकान लहानसं – एक झेरॉक्स मशीन, दोन संगणक आणि मागे पोटं उघडून ठेवलेले चार-पाच लॅपटॉप. बाहेर भाद्रपदातला आळसावलेला पाऊस.

काउंटरमागच्या तरुणानं दाखला काचेवर ठेवला आणि झाकण लावायचं सोडून वाचतच राहिला.

"रामभाऊ... म्हणजे कर्जतचे शूटिंगवाले?"

"हो. माझे वडील."

"आमच्या मनालीताईच्या लग्नात तेच होते ओ." तो थांबला. "मला माहीत नव्हतं."

यानंतर लोक 'कसं झालं?' असं विचारतात. त्यानं विचारलं नाही. स्टूल पुढे सरकवलं, पंखा माझ्याकडे वळवला. एवढ्याशा गोष्टीमुळेच असेल, मी पर्समधून हार्ड डिस्क काढली.

तिच्यात बाबांची बावीस वर्षं होती. कर्जत-खालापुरातल्या हळदी, वराती, पाठवण्या. आणि प्रत्येक लग्नात, कॅमेऱ्याच्या मागून, बाबांचा आवाज. ते गेल्यापासून तो मी एकदाही ऐकला नव्हता. धीर होत नव्हता. पण डिस्क घरी ठेवून बाहेर पडायचाही धीर होत नव्हता. अलीकडे ती सुरू होताना टिकटिक करायला लागली होती.

"हिची कॉपी करून द्याल? पण मी ही इथे ठेवून जाणार नाही."

"मग तुम्हाला बसावं लागेल. रोज थोडं थोडं... चार दिवस."

"चार दिवस?"

"डिस्क म्हातारी हाय, मॅडम. दमानं घ्यायला पाहिजे."

म्हणून चार दिवस मी भिसेगावहून स्कूटरवर खालापूरला गेले. दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेलं, हवेत त्याचा कच्चा, दुधाळ वास. दुकानात अडीच तास पुस्तक उघडून बसायचे. त्याचं नाव स्वराज. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला,

"पुस्तक चांगलं हाय वाटतं."

"का?"

"कालपासून एकाच पानावर आहात."

"तुम्ही माझी पानं बघता?"

"मी स्क्रीनवरची हिरवी पट्टी बघतो. ती लई हळू सरकते. मग मधे मधे..." त्यानं मान दुसरीकडे वळवली, "...इकडे तिकडे बघणं होतंच."

मी पान उलटलं. काय लिहिलं होतं, देव जाणे.

चौथ्या संध्याकाळी नवी डिस्क घेऊन घरी आले. बाबांची वही काढली. प्रत्येक लग्नाची तारीख, गाव आणि पुढे किती जीबी, हे ते त्यांच्या एडिटिंगच्या संगणकावर बघून लिहून ठेवत. शेवटच्या पानावर, लाल शाईत, एकूण – ९९८. मी नवी डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली. लॅपटॉप म्हणाला, ९२९.

पुन्हा लावली. ९२९.

एकोणसत्तर जीबी नव्हते. वहीप्रमाणे एका लग्नाला पंधरा-सोळा जीबी. म्हणजे चार लग्नं. चार मांडवांतले बाबा... कुठे गेले? घरभर फिरत राहिले. भांडी जागेवर लावली, काढली, पुन्हा लावली. आई म्हणाली, "हर्षे, बस गं एका जागी." बसवेना.

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर गेलं होतं, तेव्हाच मी वाकून आत शिरले.

"एकोणसत्तर जीबी कुठे आहेत?"

स्वराज हसला. तिथेच चुकलं त्याचं.

"हसताय? माझे वडील आहेत त्यात!"

त्याचं हसू विझलं. "बसा आधी. काही गेलेलं नाय. मोजायची पद्धत वेगळी हाय. काही संगणक हजार-हजारानं मोजतात. हजार केबीचा एक एमबी, हजार एमबीचा एक जीबी. डिस्कच्या खोक्यावरही तसंच असतं. तुमचा लॅपटॉप एक हजार चोवीसनं मोजतो. दोनाची दुप्पट, तिची दुप्पट, असं करत गेलं की तिथे पोचतं. तो फरक प्रत्येक पायरीला वाढत जातो."

"म्हणजे एक जीबी म्हणजे एक जीबी नाही?"

"आजी सांगायची, धान्य मापायची बाजारातली पायली आणि आमच्या घरातली पायली सारखी नव्हती. घरातली मोठी. बाजारात दहा पायल्या भरलेलं भात घरी नऊच भरायचं. भात तेवढंच."

पटण्यासारखं होतं. म्हणूनच मला राग आला. "असं सांगून कुणालाही परत पाठवता येतं."

हे बोलायला नको होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण आवाज चढला नाही.

"बाबांचा संगणक चालू हाय का?"

"आहे. घरी."

"रविवारी येतो. तुम्हीच बघा."

रविवारपर्यंतचे तीन दिवस कसे गेले, विचारू नका. एकोणसत्तरची काळजी होती, आणि त्या लाल झालेल्या पाळ्यांचीही. कुठली जास्त, ते मी स्वतःलाही सांगत नव्हते.

तो आला, ओला रेनकोट दाराबाहेर झटकून. जुनी डिस्क बाबांच्या संगणकाला लावली, नवी माझ्या लॅपटॉपला. इकडे ९९८, तिकडे ९२९. मग दोन्हीकडे त्यानं एक चौकट उघडली. तिच्यात बाइट मोजलेले होते, एकेक सुटा.

"बाइट हा दाणा समजा. दाणा दोन्हीकडे सारखाच. तुम्ही बाबांच्या स्क्रीनवरचा आकडा वाचा, मी इकडचा वाचतो."

"नऊ," मी म्हणाले.

"नऊ."

"नऊ."

"नऊ."

"आठ."

"आठ. घाई नाय. सावकाश."

एक, दोन, शून्य... तीन, चार, सहा... माझा आवाज कापायला लागला. त्याचा मात्र प्रत्येक वेळी तसाच, शांत, माझ्या मागोमाग येणारा. सात. सात. पाच. पाच.

"दोन," मी म्हणाले. पुढे आकडा नव्हता.

"दोन," तो म्हणाला.

आई चहा घेऊन दारात उभी होती. "झालं समाधान? हिला काहीतरी हरवलेलंच हवं होतं रं, बाळा. म्हणजे शोधत बसता येतं." कप ठेवून ती आत गेली.

खरंच होतं ते. बाबांचं सगळं इथे होतं, शेवटच्या बाइटपर्यंत. शोधायला काहीच उरलं नव्हतं. हात अचानक रिकामे वाटले.

स्वराजनं चहाचा कप फिरवला, प्यायला नाही.

"एक सांगू? रागवा, पण पूर्ण ऐकून रागवा. चार दिवस लागणार नव्हते. संगणकाच्या मागे डिस्क लावायचा फास्ट पोर्ट होता. एका दुपारीत झालं असतं."

"काय? डिस्क म्हातारी आहे म्हणालात!"

"म्हातारी हाय. पण... एवढी पण नाय."

मी हसले. कितीतरी आठवड्यांनी... माझं मलाच ते ऐकून दचकायला झालं.

"कॉपी संपली की तुम्ही जाणार," तो कपाकडे बघत म्हणाला. "पहिल्या दिवशी तुम्ही स्टूलवर बसलात, तेव्हाच ते मला नको झालं. म्हणून स्लो पोर्टात लावली. चुकलंच. आता आकडा पण जुळला. आता काय कारण सांगून येऊ, तेच कळत नाय."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी लॅपटॉप त्याच्या-माझ्यामध्ये ठेवला.

"कारण नका सांगू," मी म्हणाले. "माझं एक काम आहे. एकटीला होत नाही ते. थांबाल?"

"थांबलोच हाय की."

मी पहिलं फोल्डर उघडलं, पहिली फाइल. बोट तसंच राहिलं. त्यानं ते दाबलं नाही, दाबा असंही म्हणाला नाही. फक्त खुर्ची थोडी जवळ ओढली.

मी दाबलं.

मांडव. पिवळे पडदे. हळदीनं माखलेला एक अनोळखी नवरदेव, अवघडून उभा. शेजारी मान खाली घातलेली नवरी. आणि मग – इतक्या जवळून, जणू माझ्याच खांद्यामागून –

"ओ नवरदेव, कॅमेऱ्यात काय बघताय? आमाला काय करायचंय तुमचं तोंड! तिच्याकडं बघा. हां... असं. आता हलू नका."

माझे डोळे भरून आले. स्वराज स्क्रीनकडे नाही, माझ्याकडे बघत होता. मीही त्याच्याकडे बघितलं, आणि बाबांचा आवाज चालू असताना मान वळवली नाही.

नुसता हात पुढे करून आवाज मोठा केला.