साठच्या वरची भीती

सकाळी मालन खोत चहाचं आधण ठेवत होती, तेव्हा मागे कुणाच्या तरी हातून स्टीलचा डबा पडला. सहा महिन्यांपूर्वी एवढ्या आवाजानं निवाऱ्यातल्या एकोणीस जणी भिंतीला चिकटल्या असत्या. आज कुणी वळूनही पाहिलं नाही. निवारा चालवणाऱ्या शैला मगदूमने मात्र कपाळाला हात लावला. तिच्या संगणकाच्या पडद्यावर सगळ्यांचा सरासरी भयांक एकवीस होता, आणि अनुदान टिकवायला साठ लागत होता.

इचलकरंजीतला हा निवारा घरच्या मारातून सुटलेल्या बायकांचा. तो समन्याय प्रतिष्ठानाच्या अनुदानावर चालायचा. पूर्वी त्यासाठी अर्ज, अहवाल, फोटो आणि साहेबांची सरबराई लागे. प्रतिष्ठानानं ते सगळं मोडीत काढलं आणि प्रत्येकीच्या मनगटावर एक पट्टा बांधला. नाडी, घाम आणि रक्तातली ताणद्रव्यं तपासून तो शून्य ते शंभरात भीती मोजायचा. जिथे भीती जास्त, तिथे निधी. वर्षातून एकदा, सकाळी दहा ते बारा मोजणी; यंदाची आजच होती. कल्पना इतकी न्याय्य होती की पहिल्या सभेत शैलानेच सर्वांआधी टाळ्या वाजवल्या होत्या.

"तुमचं काम उत्तमच आहे, मॅडम," प्रतिष्ठानाचे भाटे फोनवर म्हणाले. "म्हणून तर निधी जास्त गरजूंकडे वळतोय."

"आणि या बायका कुठे जाणार?"

"घरी परतल्या की त्यांचा भयांक वाढेलच. मग बघू."

असल्या शहाण्यांना काय म्हणावं! शैलाने फोन आपटला. स्वयंपाकघरात सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं.

"भीक नको पण कुत्रं आवर, असलं दान हाय ह्ये," वयानं मोठ्या रत्नाक्का म्हणाल्या. मग पदर खोचून त्यांनी मालनच्या थोबाडीत मारली. "मारा गं एकमेकीला! भ्याची मोजणी हाय न्हवं?"

शैला ओरडत राहिली, पण कुणी ऐकेना. ज्या हातांनी एकमेकींच्या जखमांना हळद लावली होती, तेच हात केस ओढू लागले. एकीचा ओठ फुटला, दुसरीचं नाक. पडद्यावर आकडा चोवीसवर अडकला. मायेच्या हाताला शरीर भीत नव्हतं. दमून सगळ्या जमिनीवर बसल्या आणि रडल्या.

साडेदहाला मालन परसात जाऊन फोन करून आली. कुणाला केला, ते कुणी विचारलं नाही.

अकरानंतर फाटक उघडल्याचा आवाज आला. मालनचा नवरा संपत मागाची लोखंडी दांडी घेऊन आत घुसला. पहिला घाव मालनच्या खांद्यावर बसला, दुसरा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शैला मध्ये पडली, तर त्यानं तिचा हात मनगटात मोडला. बायका किंचाळत टेबलाखाली, कपाटामागे घुसल्या. एकीला उभ्या उभ्या लघवी झाली. मालन डोकंसुद्धा झाकत नव्हती, दारातच उभी होती. गुडघ्यावर घाव बसला तेव्हा कोसळली. तो तिच्या पोटात लाथा घालत राहिला. पडद्यावर चव्वेचाळीस, त्रेसष्ट, एक्याऐंशी असे आकडे चढत गेले.

शेवटी रत्नाक्कांनी वरवंटा उचलून त्याच्या डोक्यात घातला. तो पडला, तरी त्यांनी आणखी दोनदा घातला. पोलिसांनी त्याला उचलून नेलं तेव्हा तो जिवंत होता.

बरोबर बारा वाजता संदेश आला: 'अनुदान मंजूर. आपल्या कार्यास शुभेच्छा.'

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात शैला प्लॅस्टरमधला हात सांभाळत मालनच्या खाटेशी बसली. मालनचा एक डोळा मिटलेला होता, तीन दात गेले होते.

"फाटकाला कुलूप होतं. त्याला आत कुणी घेतलं?"

"मीच बोलीवलं. कुलूपबी मीच काढलं."

शैलाला रागही आला आणि रडूही. "अगं, मेली असतीस तू!"

"असू दे वो ताई. हाड काय, दोन म्हैन्यात जुळंल. निवारा मोडला असता तर परत जुळला असता व्हय?"

शैला मालनचा हात धरून बसली. मालन छताकडे पाहत होती. मग तिनं सुजलेल्या ओठांनी, अगदी व्यवहाराचं विचारावं तसं विचारलं,

"पर ताई, ह्यो तर आता तुरुंगात गेला. फुडल्या मोजणीला कुणाच्या नवऱ्याला बोलवायचं?"