कपाटातला खडा

"माझ्या पोराचा खडा कुणीतरी बदललाय," आल्या आल्या त्या बाई गुप्तहेराला म्हणाल्या. "घरचे म्हणतात, मला वेड लागलंय. लागलं असेल तर तसं सांगा, मी औषध घेईन."

मुलगा रसायनशास्त्र शिकत होता. मीठ विरघळवून त्याने हौसेने एक टपोरा, काचेसारखा खडा वाढवला होता. मग तापाचं निमित्त झालं आणि पोरगा गेला. खडा आईच्या कपाटात कुलूपबंद झाला, किल्ली तिच्या उशाखाली.

मिठाचा खडा कोण चोरणार, शेजारी बसलेल्या वकीलसाहेबांना काही पटेना. पण त्यांचा गुप्तहेर मित्र चपला घालून दारात उभासुद्धा होता!

बाईंच्या घरी कपाटात खडा होता. तिरप्या कडांचा, दोऱ्याभोवती वाढलेला. खाली मुंग्यांची रांग.

बाईंची नणंद फटकळ. "वहिनी मला हात लावू देतील? दादालाही देत नाहीत."

दादा म्हणजे मुलाचे वडील, खालच्या खोलीत विकायच्या गोड गोळ्यांसाठी पाक उकळत होते. "मी साखरेतला माणूस. मिठाचं शास्त्र पोराचं," एवढंच बोलले. मागच्या फळीवर घट्ट बुचाची पाण्याची बाटली होती.

गुप्तहेराने आईला विचारून खड्याचा कपचा पाण्यात विरघळवला. त्यात बल्ब जोडलेल्या बॅटरीच्या तारा बुडवल्या. बल्ब लागला नाही. खालच्या फळीवरच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवल्या, तर लख्ख पेटला.

"म्हणजे?" वकीलसाहेब गोंधळले.

"मिठात सोडियम आपला इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकतो. दोघांवर विरुद्ध विद्युतभार येतो, त्या ओढीने ते चिकटतात. पाण्यात सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखरेतले अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात. त्यांचा रेणू पाण्यातही अख्खा राहतो, वीज जात नाही. बाई, तुम्ही ठणठणीत आहात. हा खडा साखरेचा आहे."

आईने डोळे मिटले.

"मिठाचे स्फटिक चौकोनी असतात, मुंग्याही मिठाला येत नाहीत. पाकात दोरा सोडून खडा वाढवणारा या घरात एकच. उशाखालची किल्लीही त्यालाच मिळणार."

दारात येऊन ऐकत असलेले वडील जमिनीवर बसले. "एकदाच हातात घ्यायचा होता. निसटला, तुकडे झाले. विरघळवून पुन्हा करू म्हटलं. पाकासारखं उकळून गार केलं, पण खडा धरेचना. तेच पाणी त्या बाटलीत जपलंय."

"मीठ तसं धरत नाही. बूच काढून पाणी सावकाश उडू द्यावं लागतं."

"आणि मला वेडी ठरवलंत?" आई म्हणाली.

"खरं कळलं असतं तर तू जगली नसतीस गं."

तिने बाटली छातीशी धरली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"मी कुलूप का लावलं हो?" ती रडत म्हणाली. "तो तुमचाही होता."