मागचं डावं दार

लातुरात गाड्यांची वायरिंग करणारे पन्नास तरी असतील, पण आधी विचार करून मग पक्कड उचलणारा मी एकच पाहिला. मकसूदभाई. मी खासगी क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो. दोन-दोनशे मुलांसमोर फळ्यावर सर्किट काढतो आणि स्वतःला शहाणा समजतो. मकसूदभाईंच्या बोटांना जे कळायचं, ते माझ्या फळ्याला कधी कळलं नाही.

माझी गाडी सत्त्याऐंशी सालची, जपानी, देगलूरच्या एका व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली. डॅशबोर्डवर काट्यांऐवजी हिरवे आकडे, आणि कोपऱ्यात गाडीचं छोटं चित्र. जे दार उघडं राहील, ते चित्रात लाल व्हायचं. २००१च्या उन्हाळ्यात त्यात काहीतरी बिघडलं. लातूरहून पुनर्वसनातल्या नव्या गावी जाताना, औशाच्या पुढं, त्र्याण्णवच्या भूकंपात गेलेल्या आमच्या जुन्या गावाचा फाटा लागतो. बरोबर तिथं मागचं डावं दार लाल व्हायचं. दार बंदच असायचं. दोन-तीन सेकंदांत लाल विझायचं.

मी काणाडोळा केला असता, पण आईनं ते पाहिलं. माझी धाकटी बहीण केवळा त्या ढिगाऱ्यात गेली आणि शेवटपर्यंत सापडली नाही. आई मागची डावी जागा रिकामी ठेवून बसायला लागली. मग एके दिवशी लातुरातल्या आमच्या घरी तिनं गाठोडं बांधलं.

"पोरगी फाट्यापोतर येऊन राहिली, अन् तू गाडी थांबवत न्हाईस. मीच जाते गावात ऱ्हायला."

गावात म्हणजे त्या दगडांत. प्यायला पाणी नाही, सावलीला झाड नाही. बोलल्याप्रमाणे करणारी बाई, म्हणून मी खरोखर घाबरलो.

मकसूदभाईंनी पॅनल खोललं. भिंगाखाली सोल्डरिंगचा एकेक टाका पाहिला, दोन नव्यानं झाळले, आणि असे झाळले की मूळ कुठले ते ओळखू येईना. दाराचं बटण घासलं, वायर इंच-इंच तपासली. संध्याकाळी म्हणाले, "सर, हिच्यात कायच न्हाई."

"मग तो बल्बच काढा. आईला सांगू, वायर खराब होती."

"ही दुरुस्ती न्हाई सर. हे झाकणं झालं."

मी गाठोड्याचं सांगितलं. मग चित्रातल्या त्या दारामागचा तांदळाएवढा बल्ब काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला.

पण रोजची माणसं बसवून फिरवल्याशिवाय त्यांनी कधी गाडी ताब्यात दिली नव्हती. रिकामी गाडी खोटं बोलते, म्हणायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मागं उजवीकडं आई, मांडीवर गाठोडं. डावीकडं, दारावर हात ठेवून, मकसूदभाई. आईनं तक्रार केली नाही. फक्त त्यांच्याकडं एकदा पाहिलं.

फाट्यावर ती म्हणाली, "थांबव, रामलिंग."

या खेपेला मी थांबवली. दिवा लागणारच नव्हता. बघू दे तिला.

दुपारचे बारा. इंजिन चालू. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मागचं डावं दार लाल झालं.

मी वळून पाहिलं. दार बंद होतं. मकसूदभाईंनी खिशातून बल्ब काढला, तळहातावर धरून पाहिला आणि परत ठेवला.

लाल विझलं.

"मकसूद," आई म्हणाली, "खराबी हाय का रं?"

मी आरशातून त्यांना मान हलवून खुणावलं. हो म्हणा. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आयुष्यात गिऱ्हाइकाशी खोटं न बोललेला माणूस तो.

"न्हाई माय. बरोबर दाखवून राहिलंय."

आईनं मांडीवरचं गाठोडं पायाशी ठेवलं. "मग चल घरी," ती म्हणाली. आठ वर्षांत तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

मी गाडी लातूरकडं वळवली. आरशात पाहिलं, तर मकसूदभाई आईकडं सरकून मधोमध बसले होते, गुडघे जवळ घेऊन. डाव्या खिडकीशी बरीच जागा होती.

"अडचण होत असंल तर पुढं या की," मी म्हणालो. "गाडी थांबवतो."

त्या रिकाम्या जागेकडं एकदा पाहून ते पुढं झुकले आणि हळूच, माझ्यापुरतं बोलले.

"नको सर. कशाला उठवायचं तिला? आत्ताच टेकलीय."