काळी चारची दुपार

सायकलची घंटी वाजलीच नाही, आणि ओसरीवर चपला काढल्याचा आवाज आला!

मालुबाईच्या मांडीवर तंबोरा, बोटांत खुंटी, चार तारांतली एकच उतरवून झालेली, उरलेल्या तीन अजून चढ्या सुरात ताणलेल्या... तिनं तंबोरा कोपऱ्यात टेकवला, पदर सावरला आणि स्वयंपाकघरात पळ काढला. स्टोव्हवर पातेलं ठेवून तिनं त्यात साखर घातली, चहापूड घातली, आणि पाणी घालायचं तेवढं राहून गेलं.

बाहेर मारुतीरावांनी सवयीनं तारांवरून बोट फिरवलं. एक तार खाली, तीन वर. असला बेसूर गोंधळ त्या घरानं कधी ऐकला नसेल. मालुबाई भिंतीला पाठ लावून उभी. आता विचारतील, आता सगळं बाहेर पडेल...! शेवटी हाक आली ती एवढीच, "मालू, चहा टाक गं. सायकल पंक्चर झाली, दुकानात टाकून बेळगावातनं चालत आलोय."

आता पिरनवाडीच्या त्या साध्यासुध्या घरात लपवण्यासारखं होतं तरी काय? तेवढं आधी सांगितलं पाहिजे.

मारुतीराव बेळगावच्या शाळेत संगीताचे मास्तर, आणि चार गावांत नाव असलेले गवई. पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सूर त्यांचा. गवई लोक त्याला काळी दोन म्हणतात. बाईमाणसाचा गळा उंच, मालुबाईचा सूर काळी चार. आणि घरात तंबोरा एकच. दोघं एकाच गुरूंकडे शिकलेले. तिथंच आधी एकमेकांचा गळा आवडला आणि गळ्यापाठोपाठ माणूस. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी बेळगुंदीच्या देवळात दोघांचं गाणं ठरलं. आधी मालुबाई गायली, मग मारुतीराव पुढं सरकले, आणि लोक खुशाल त्यांच्या तोंडावर म्हणाले, "वैनींचं आणि एक होऊ दे की."

झालं! त्यानंतर वीस दिवस मारुतीरावांनी तंबोऱ्याला हात लावला नाही. जेवत होते, शाळेत जात होते, बायकोशी गोडच बोलत होते. पण गाणं म्हणाल तर नाव नको. त्यांची थोरली विधवा बहीण अक्काताई त्यांच्याकडेच राहायची. तिनं मालुबाईला परसात गाठून सांगितलं, की माझा भाऊ आतल्या आत मिटत चाललाय पोरी, एका घरात दोन गवई नांदायचे कसे, तूच बघ.

मालुबाईनं बघितलं. पुढच्याच आठवड्यात तिला ताप आला, साधाच, तीन दिवसांचा. ताप उतरला आणि त्याबरोबर तिनं आपला आवाजही उतरवून ठेवला. घसा बसला तो बसलाच, असं घोगऱ्या कुजबुजीत सांगून ती मोकळी झाली. महिन्याभरात बोलणं सुधारलं. गाणं मात्र कायमचं गेलं, असं सगळ्यांनी धरून चाललं. मारुतीराव पुन्हा गाऊ लागले, त्यांचं नाव झालं, आणि नवऱ्याच्या मागं बसून तंबोरा छेडणारी बायको लोकांना मोठी कौतुकाची वाटू लागली. तो त्याग होता, पण त्याला कुणी त्याग म्हणायला नको म्हणून ती मागं बसून हसतमुखानं तारा छेडत राहिली.

पण गळा का असा ऐकतो! दुपारी तीनला वन्सं गाढ झोपायच्या, मुली आणि मारुतीराव शाळेत असायचे. तेवढ्या वेळात मालुबाई तंबोरा काळी चारवर चढवायची आणि दारं लावून जीव ओतून गायची. साडेचारच्या सुमारास फणसाजवळ सायकलची घंटी दोनदा वाजली, की भराभर तारा उतरवायची. त्या घंटीचे उपकार तिनं किती वेळा मानले असतील! वेळ दुपारचाच मिळायचा, म्हणून रागही दुपारचेच, भीमपलास आणि मुलतानी. अकरा वर्षांत तिच्या गळ्यानं संध्याकाळ पाहिलीच नव्हती.

आणि आज घंटी चुकली. फार उशीर झाला म्हणून तिनं आपणहूनच तारा उतरवायला घेतल्या होत्या, तेवढ्यात चपला वाजल्या.

मारुतीरावांनी त्या दिवशी तारांचा विषय काढला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी धाकटीची पाटी मागवली आणि तिच्यावर पेन्सिलीनं ठळक अक्षरांत लिहिलं, 'घसा बसला.'

मालुबाईनं पाटी दोनदा वाचली. रामनवमी चार दिवसांवर आलेली, निपाणीच्या उत्सवात गाणं ठरलेलं, आणि हे असं! ...म्हणजे पुन्हा तेच. बेळगुंदीला आपल्या सुरानं यांचा सूर मिटला होता, आणि आता त्या चढलेल्या तारा नुसत्या बघून मिटला. अकरा वर्षांची तपश्चर्या एका पंक्चरपायी मातीत गेली, असं तिला वाटलं. ती एकटीच न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली आणि तोंड धुऊन कामाला लागली.

काम म्हणजे काढा. ज्येष्ठमध, आडुळसा, मिरी, दिवसातून चार वेळा. मारुतीराव डोळे मिटून पेला तोंडाला लावत, अंगावर शहारा येई, आणि पाटीवर 'पुरे' असं लिहून येई. 'पुरे'ला त्या घरात कोण विचारतंय! तिनं गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला, तोही चैत्रातल्या उन्हात. निपाणीची हवा तंबाखूची, धडधाकट गळाही तिथं धरतो, तेव्हा यंदा नकोच म्हणून कळवू या, असं अक्काताईनं सुचवून पाहिलं. पाटीवर उत्तर आलं, 'शब्द दिलाय.'

निघायच्या दिवशी सकाळी मालुबाईनं देवापुढं दिवा लावला, तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हात ठेवला आणि मनात म्हटलं, देवा, यांचा आवाज परत येऊ दे, मी पुन्हा काळी चारला तार चढवणार नाही. दुपारचीसुद्धा नाही. मग तिनं मुलींना मारुतीरावांच्या बेळगुंदीच्या मूळ घरी पोचवलं आणि अक्काताई धरून तिघं निपाणीच्या एसटीत बसली. तंबोरा मारुतीरावांनी स्वतःच गवसणीत घातला होता आणि गाडीभर स्वतःच धरून बसले होते.

राममंदिरापुढच्या मांडवात माणूस मावत नव्हतं. उन्हं कलली होती आणि वखारींवरून येणाऱ्या वाऱ्यात तंबाखूचा तो उग्र वास होताच. मालुबाई मंचावर आपल्या नेहमीच्या जागी, मागं, जाऊन बसली. यल्लाप्पा तबलजी गवसणीतून तबला काढत होता. तिनं सहज बघितलं आणि बघतच राहिली. मारुतीरावांच्या सुराला लागतो तो मोठ्या तोंडाचा तबला नव्हताच. यल्लाप्पानं लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला पुढं ठेवला होता आणि मान खाली घालून हसू दाबत होता.

तेवढ्यात मारुतीराव तंबोरा घेऊन आले आणि चक्क तिच्या शेजारी, मागं येऊन बसले. त्यांनी तारा छेडल्या. काळी चार! एकूण एक तार काळी चारमध्ये, लख्ख मिळवलेली.

"जा, पुढं बस," ते म्हणाले. पाटीवर नव्हे, तोंडानं, आणि आवाज खणखणीत.

मालुबाई त्यांच्याकडं वळली. "अहो, तुमचा घसा..."

"माझा घसा बसलेला न्हाय मालू. आणि तुझाबी कधी बसला नव्हता."

समोरच्या लोकांना वाटलं, स्वर मिळवणं चाललंय. त्याला वेळ लागतोच म्हणून ते निवांत बसून राहिले.

"तुम्हांला कुणी सांगितलं?" तिनं कसंबसं विचारलं.

"तूच. ताप उतरल्यावरबी झोपेत कण्हत हुतीस, तेबी सुरात. घसा गेलेलं माणूस सुरात कण्हतंय व्हय गं? मला तवाच कळलं." मारुतीरावांची बोटं तारांवर फिरतच होती, पण डोळे भरून आले होते. "कळलं, आणि मी गप बसलो. कारण मला ते बरं वाटलं. याच्याएवढं वाईट मी जन्मात काय केलं न्हाय. मग एक दिवस शाळेतनं लवकर आलो, तर घरातनं तुझा भीमपलास ऐकू आला. तवापास्नं रोज फणसाखाली उभा राहून ऐकतोय. तुझं संपलं की घंटी मारायची, तारा उतरवायला तुला वेळ मिळावा म्हणून."

मालुबाईला सगळं एकदम उमगत गेलं. घंटी नेहमी गाणं संपल्यावरच का वाजायची... मिरजेहून येताना हे नेहमी बारीक तारा का आणायचे... त्या तारा काळी चारला तुटत नाहीत, पण काळी दोनला ढिल्या पडतात. मारुतीरावांचा तंबोरा मेला नीट बोलत नाही, असं जाणकार म्हणत, आणि ती आपल्याच बोटांना दोष देत राहिली होती. त्या ढिल्या तारांवर हा माणूस इतकी वर्षं गात आला होता, तिच्या दुपारी सांभाळण्यासाठी!

"परवा ती एकच उतरलेली तार बघितली आणि लाज वाटली," मारुतीराव म्हणाले. "माझी बायको स्वतःच्या घरात चोरून गाती, आणि मी आपला घंटी मारतोय. बास झालं आता. म्हणून तुझंच औषध तुला दिलं. काढा मात्र लई कडू करतीस बघ."

मालुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि रडता रडता ती हसली. मग तिला आठवण झाली. "पण मी देवाला शब्द दिलाय... तुमचा आवाज परत आला, तर मी काळी चारला गाणार न्हाय म्हणून."

अक्काताई पहिल्याच रांगेत, मंचाला टेकून बसली होती. तिचे कान अगदी शाबूत होते. "जो आवाज गेलाच न्हाय, तो परत कुठनं येतोय? देवाला एवढं कळत न्हाय व्हय?" ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, नजर चुकवत म्हणाली, "त्या दिवशी परसात मी बोलले, ते माझं चुकलं पोरी. अकरा वर्सं दुपारची डोळे मिटून पडती, पण एक दिवस झोपलेली न्हाय मी. एवढं गोड गाणं टाकून झोपायचं कसं? गा आता."

मालुबाई पुढं सरकली.

आधी तिनं मुलतानी घेतला, सवयीचा, हातातला. पहिला षड्ज लागला आणि मांडवातली कुजबुज थांबली. यल्लाप्पाचा तबला अंगात आल्यासारखा बोलू लागला. म्हातारी माणसं माना डोलावू लागली, आणि दाराशी उभे असलेले हमाल आत येऊन मिळेल तिथं बसले. मुलतानी संपेपर्यंत दिवे लागले. आता? ...आता तिची नेहमीची वेळ संपली होती. मालुबाई हात जोडून उठू लागली.

आणि तिच्या मागून, तंबोऱ्याच्या आडून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा खड्या आवाजात मारुतीराव म्हणाले, "वैनींचं आणि एक होऊ दे की."

मांडव हसण्यानं भरून गेला. मालुबाईनं वळून नवऱ्याकडं एकदा बघितलं, डोळे पुसले आणि यमन सुरू केला. अकरा वर्षांनी तिच्या गळ्याला संध्याकाळ दिसत होती. पहिल्यांदा निषादाला पोचताना सूर जरा कापला, पण मागच्या तारा इतक्या भरघोस बोलत होत्या, की पुढं तिला कशाचीच भीती राहिली नाही.

रामनवमी होऊन आठ दिवस झाले. पिरनवाडीच्या घरी अक्काताई उघड्या दारात, चांगली जागी, शेंगा सोलत बसली होती. आत तंबोरा काळी चारवर होता. साडेचारला फणसाजवळ घंटी दोनदा वाजली. मालुबाईचा हात सवयीनं खुंटीकडं गेला, तिथं क्षणभर थांबला, आणि पुन्हा तारांवर आला. ती गातच राहिली, पार दिवेलागणीपर्यंत. मारुतीराव सायकल भिंतीला लावून ओसरीवर बसून राहिले, आणि त्या दिवशी चहा अक्काताईनं केला.