पाठवणाऱ्याचा आवाज

ही घटना खरी आहे. पटली तर पटली, नाहीतर सोडून द्या.

फक्त कधी दूर डोंगरातल्या नारीन गावी गेलात, तर जोल्चू बायकेंना, म्हणजे जोल्चूदादांना, याबद्दल विचारू नका. त्यांनी मला ती एकदाच सांगितली. सांगताना तीन वेळा उठून रेडिओ बंद आहे ना, ते बघून आले.

भुतंखेतं रात्रीचीच येतात म्हणे. हे घडलं ते भर दुपारी. फेब्रुवारीतला गुरुवार, बाहेर लख्ख ऊन, उणे बावीस थंडी. आणि नारीनच्या जुन्या रेडिओ केंद्रात तीन जिवंत माणसं.

तुर्सुनाय एजेंना जाऊन त्या दिवशी चाळीस दिवस झाले होते.

एजे म्हणजे ताई. अख्खा जिल्हा त्यांना एजेच म्हणायचा. चौतीस वर्षं रोज दुपारी एक वाजता त्यांचा कार्यक्रम लागायचा. लोकांनी एकमेकांना पाठवलेले निरोप वाचायचे आणि मग त्यांच्या आवडीचं गाणं लावायचं. कुणाचं लग्न, कुणाला नातू झालेला, कुणी सैन्यातून परतलेला. वर कुरणांवर मेंढरं घेऊन गेलेले लोकसुद्धा एक वाजला की ट्रान्झिस्टर कानाला लावून बसायचे.

आणि तितकीच वर्षं काचेच्या पलीकडे, यंत्रांवर, जोल्चू बायके बसायचे.

त्या दिवशी एकच्या कार्यक्रमात सहकारी एजेंच्या आठवणी सांगणार होते. सकाळीच शेगडीवर बोर्सोक, पिठाचे फुगीर गोळे, तळून झाले होते. तळणाचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो ना, म्हणून. टेबलावर एजेंचा फोटो, त्यांची चहाची वाटी आणि तबकडीचा जुना फोन मांडला होता. फोनची वायर केव्हाच कापलेली. ती फोनभोवतीच गुंडाळून ठेवली होती.

"या फोननं किती छळलंय आपल्याला!" असानकुल बोर्सोक तोंडात टाकत म्हणाला. तो बातम्या वाचायचा, आणि गप्प बसणं त्याला जमायचं नाही. "वाढदिवसाचा साधा निरोप. पण पाठवणाऱ्याला फोन केल्याशिवाय एजे वाचायच्या नाहीत. 'नाव तुझ्या तोंडून सांग.' ते ऐकलं की, 'बरं, वाचते आता.' एकदा माझ्या सासूला केला. म्हातारीनं नाव सांगितलं अर्ध्या मिनिटात, आणि माझ्या तक्रारी पाऊण तास!"

बेगिमाय हसली. एजेंच्या जागी आलेली नवी मुलगी. "पण का हो करायच्या असं?"

"स्वभाव. दुसरं काय?"

खरं कारण जोल्चू बायकेंना माहीत होतं, आणि आता जगात फक्त त्यांनाच.

"बायके, एक काम कराल?" बेगिमायनं विचारलं. "जुन्या कार्यक्रमांतून एजेंचे शब्द काढा आणि जोडून एक निरोप करा. 'मी तुर्सुनाय, माझ्या सगळ्यांना सलाम.' एवढंच. लोक ढसाढसा रडतील."

"मेलेल्या माणसाच्या नावानं?"

"अहो, प्रेमानंच करतोय ना आपण!"

एकतीस वर्षांपूर्वी बायकेंनी स्वतःला हेच सांगितलं होतं...

त्या जूनमध्ये एक माणूस केंद्रात आला होता. त्याचा पुतण्या तिलेक आदल्या दिवशी ट्रकखाली गेला होता. तिलेकचा बाप जुमाश वर सोन-कुल तळ्याकाठच्या कुरणावर, एकटा. एकट्या माणसाला अशी बातमी कुणी देत नाही. आधी त्याला घरी आणतात, माणसं भोवती बसतात, आणि मग वडीलधारे सांगतात. काका म्हणाला, "रेडिओवरून एवढंच सांगा, खाली ये. बाकी काही नको."

एजे तेव्हा आत गायला आलेल्या पाहुण्यांबरोबर होत्या. कागद बायकेंनी लिहिला. काकाच्या नावानं बोलावलं तर जुमाशला शंका येईल, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी लिहिलं, 'बाबांना तिलेकचा सलाम. खाली या, मी वाट बघतोय.'

एजेंना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी तो हसत हसत वाचला. वर एक नाचाचं गाणं लावलं.

जुमाश घोडा दामटत आला. पोरासाठी एक शिंगरू घेऊन आला. अंगणात बघतो तर मयताचा तंबू उभा.

आठवड्यानं तो केंद्राच्या दारात आला. टोपी हातात. "बाई, माझा तिलेक इथं आला होता ना त्या दिवशी? कसा दिसत होता?"

एजेंनी बायकेंकडे पाहिलं. बायकेंनी मान खाली घातली आणि टेप गुंडाळायला घेतली.

"मी नाही पाहिलं त्याला," एजे म्हणाल्या.

"मग तुम्ही वाचलात तो निरोप कुणाचा?"

दुसऱ्या दिवसापासून एजे पाठवणाऱ्याचा आवाज ऐकल्याशिवाय एकही निरोप वाचेनात. अक्षर बायकेंचं आहे, हे त्यांना कळलं नसेल असं होणारच नाही. पण मरेपर्यंत एका शब्दानं विचारलं नाही. आणि बायकेंनीही सांगितलं नाही. माफी मागायला एकतीस वर्षं मिळाली होती त्यांना.

आणि तरीही त्या दुपारी ते कॉम्प्युटरवर बसले. शब्द शोधले, कापले, जोडले. अकरा सेकंदांचा निरोप.

ऐकायला लावला...

आवाजच नाही.

पडद्यावर हिरव्या पट्ट्या वरखाली नाचत होत्या. आवाज असल्याशिवाय त्या हलत नाहीत. पण कानात शांतता. बायकेंनी हेडफोन बदलला. पुन्हा तेच. फक्त सुरुवातीला एक बारीकसा श्वास... एजे वाचण्याआधी घ्यायच्या, तसा.

तिसऱ्यांदा लावला तेव्हा सगळं स्पष्ट ऐकू आलं. बायकेंनी यंत्राला दोन शिव्या घातल्या आणि घड्याळ पाहिलं. एकला पाच कमी होते.

कार्यक्रम सुरू झाला. असानकुलनं सासूचा किस्सा पुन्हा सांगितला. मग बेगिमायनं काचेतून खूण केली. "आणि आता, खुद्द एजेंकडून आपल्या सगळ्यांना..."

बायकेंनी बटण दाबलं.

हिरव्या पट्ट्या नाचल्या. आवाज नाही.

तीन सेकंद... सात... अकरा...

आणि टेबलावरचा फोन वाजला.

कापलेल्या वायरीचा फोन.

"वा बायके! फोनची घंटा!" बेगिमाय माइकवर म्हणाली. "काय सुचलंय तुम्हाला!"

बायकेंनी काही लावलं नव्हतं. ते काचेच्या अलीकडे आले. घंटा थांबेना. असानकुलच्या हातातली वाटी तशीच राहिली होती. फोन त्याच्या समोर होता, आणि वायर कुठं संपते ते त्याला दिसत होतं.

बायकेंनी रिसीव्हर उचलला.

आत काहीच नाही. मग... तो बारीक श्वास.

"पाठवणाऱ्यानं नाव सांगावं. स्वतःच्या तोंडानं."

समोर माइक चालू होता. जिल्हा ऐकत होता. ठेवून देता आलं असतं. बायके मला म्हणाले, "हात ठेवायला गेलाच होता रे. पण एजेंना परत एकदा गप्प बसून दाखवायचं? नाही जमलं."

"जोल्चूबेक," त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. "हा निरोप मी बनवला. आणि तिलेकचा कागदही मीच लिहिला होता. तो आदल्याच दिवशी गेला होता. एजेंना माहीत नव्हतं. माझं चुकलं."

असानकुलनं हातातली वाटी खाली ठेवली.

"बरं," रिसीव्हरमधून आलं. "वाचते आता."

मग काही नाही...

त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण केंद्रात आहे. त्यात घंटा नाही. बेगिमाय घंटेचं कौतुक करते, ते आहे. बायकेंचं बोलणं आहे. त्याच्या आधी आणि नंतर कोरी शांतता. रिसीव्हरमधला आवाज स्टुडिओतही दुसऱ्या कुणी ऐकला नाही. घंटा मात्र तिघांनी ऐकली. असानकुलला आजही विचारा, तो विषय बदलतो.

पण संध्याकाळी बायकेंच्या मोबाइलवर एक फोन आला. जुमाशचा. पंच्याऐंशीचा म्हातारा, पण आवाज खणखणीत.

बायके म्हणाले, "आका, मला शिव्या द्या."

"देईन सावकाश," जुमाश म्हणाला. "आधी सांग, एजे 'वाचते आता' म्हणाल्या. मग पुढे वाचलं का नाही?"

"तुम्ही... ते ऐकलंत?"

"रेडिओवर होतं की! न ऐकायला काय झालं? मी रोज एक वाजता बसणार आहे आता. एजे आधी पाठवणाऱ्याचा आवाज ऐकून घेतात ना? मग आता तर सोपं आहे त्यांना. तिलेक तिथंच असेल."

जुमाश अजून रोज बसतो. त्याची सून सांगते, एक वाजला की घरात कुणाला खोकूसुद्धा देत नाही.

बायकेंनी त्याच महिन्यात नोकरी सोडली. घरी रेडिओ आहे, पण त्यातले सेल काढून ठेवलेत. तिलेक बापाला काय सांगेल, ते त्यांना ऐकायचं नाही. त्यात आपलंही नाव असेल, असं त्यांना वाटतं.

मला हे सांगून झालं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात एक वाजत होता. बायके चौथ्यांदा उठले नाहीत. नुसते रेडिओकडे बघत राहिले.

सेल नव्हते त्यात. मी स्वतः पाहिलं होतं.

पण तो बारीकसा श्वास... मीही ऐकला.