करीच्या दिवशी बोलायचं नसतं

तीन नंबरच्या टाकीवर अकरा ओघळ होते. नऊ वाळलेले, दोन ओले. संस्कृतीने ते खालून वर मोजले, मग खात्रीसाठी वरून खाली. टाकीत मळी होती — साखर काढून झाल्यावर उरणारा काळा, दाट, उग्र गोड वासाचा पाक.

"मॅडम, बारावा मोजा की. मी हाय हितं."

ती दचकली. वर शिडीवर एक तरुण रंगाचा डबा घेऊन बसला होता. तपकिरी शिंतोडे पार भुवयांपर्यंत उडालेले.

"तुम्ही गळत नाही," ती म्हणाली.

"अजून तरी न्हाय. पण असं रोखून बघाल तर काय सांगावं..."

संस्कृती वैरागची. रसायनशास्त्रात बीएस्सी झालेली; याच आठवड्यात, उसाचं गाळप सुरू होताना, सोलापूरजवळच्या या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली होती. तो बिरुदेव, सांगोल्याकडचा, पंपघराचा फिटर. रंगारी रजेवर, म्हणून ब्रश त्याच्या हातात आला होता. साहेबांचा हुकूम होता — टाकी चकाचक दिसली पाहिजे.

प्रयोगशाळेच्या दाराशी एक फळा होता. त्यावर संस्कृती रोज दिनविशेष लिहायची. जयंत्या-पुण्यतिथ्या सगळेच लिहितात. तिला इतिहासातल्या चक्रम गोष्टी आवडत. बिरुदेव रोज चहाच्या सुट्टीत फळ्यासमोर उभा राहू लागला. तेलकट हात पाठीमागे, मान किंचित तिरकी. वाचून झालं की काचेतून आत एक नजर... आणि संस्कृती तोच आकडा वहीत दोनदा लिहायची.

"एक गंमत सांगू?" एकदा तीच बाहेर येऊन म्हणाली. "स्वीडनमध्ये १७१२ साली फेब्रुवारीला तीस दिवस आले होते. तीस फेब्रुवारी! पुन्हा ती तारीख कधी आलीच नाही."

"त्या दिवशी लगीन करणारा लई नशीबवान. लग्नाचा वाढदिवस इसरला म्हणून बायकूची बोलणी न्हाईत."

"म्हणजे तुम्ही विसरणार!"

"मी इसरलो तरी काय बिघडतंय? तुमी फळ्यावर लिवालच की."

बोलून तोच गडबडला आणि पान्हा घ्यायला म्हणून निघून गेला. पान्हा त्याच्या खिशातच होता.

जानेवारीत तो कागदात गरम हुरडा आणू लागला. ती तळहात पुढे करायची, तो ओतायचा. दाणे संपले तरी दोघांचे हात क्षणभर तिथेच असायचे.

संक्रांत झाली. दुसरा दिवस कर, पंधरा जानेवारी. संस्कृतीने फळ्यावर लिहायला घेतलं — १९१९, अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मळीची टाकी फुटली, एकवीस जण गेले. गळती दिसू नये म्हणून कंपनीने टाकी तपकिरी...

खडू थांबला. मागे बिरुदेव उभा होता.

"रंग मीच मारला," तो म्हणाला.

दोघे टाकीपाशी गेले. त्याने पत्र्याने तळाचा रंग खरवडला. आत जोड फुगला होता, आणि त्यातून मळी संथपणे पाझरत होती.

साहेबांनी, म्हणजे मुख्य रसायनतज्ज्ञांनी, ऐकून घेतलं. "सीझन संपला की टाकी रिकामी करू. आणि सणासुदीला असलं अभद्र लिहू नका." त्यांनी स्वतःच्या हाताने फळा पुसला.

टाकीच्या उताराला ऊसतोडवाल्यांच्या कोप्या होत्या, उसाच्या पाल्याच्या झोपड्या. चुली पेटलेल्या, पोरं पाचटात लोळत होती. संस्कृती तिथल्या राजाबाईंना समजावू लागली. त्या टोळीत वडीलधाऱ्या. त्या म्हणतील ते सगळे ऐकत.

"मावशी, टाकी फुटेल. कोप्या हलवा."

"करीच्या दिवशी बिऱ्हाड उचलत न्हाईत, पोरी. आजच फुटणार हाय का?"

संस्कृतीला खोटं बोलता आलं नाही. "आजच असं नाही सांगता येत... कधीही फुटेल."

"मग उद्या सकाळी हलतो की."

बिरुदेवने तिला बाजूला घेतलं. "एक नंबरची टाकी मोकळी हाय. पंपाची चावी माझ्याकडं. तीनमधली मळी तिकडं ओढतो."

"साहेबांना न विचारता?"

"इचारलं तर न्हाय म्हणतील."

बिरुदेवच्या हाताखालची माणसं गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम बघायला सोलापूरला गेली होती. तो एकटाच पंपाशी बसला. पंपघर टाकीच्या पायथ्याशीच. संस्कृती दारात उभी राहिली. पंप घरघरत होता, काचेच्या नळीतली पातळी हळूहळू उतरत होती.

"निम्मी व्हायला आली," तो म्हणाला. "संस्कृती..." मॅडम म्हणायचं तो आज विसरला होता. "तुला कायतरी सांगायचंय. पण आज कर. आज चांगलं बोलायचं नसतं. उद्या सांगतो."

"तू पण राजाबाईंसारखाच!"

"हसू नको. हे वंगाळ व्हाया नको, म्हणून जपतोय."

"मी नाही मानत कर. माझं प्रेम आहे तुझ्यावर. झालं सांगून."

त्याने वॉल्व्हचं चाक उगाच थोडं पुढे फिरवलं, थोडं मागे. कान लाल झाले होते.

"बोललीस..." तो पुटपुटला. "म्या मात्र उद्याच."

"बरं, उद्या. पण आता बाहेर चल. पंप चालू दे आपला आपला."

"ही मळी दाट हाय, थांबून थांबून ओढावी लागतीया. तू जा. राजाबाईला परत सांग. पोरं तरी हलवा म्हणावं."

ती गेली. राजाबाई पोरांना वर, रस्त्याच्या कडेला न्यायला तयार झाल्या. तीन पोरं संस्कृतीच्या हाताला, एक कडेवर. ऊन उतरलं होतं. मागून आधी खिळे तुटल्यासारखा ताडताड आवाज आला. मग जमीन हलली. तिने वळून पाहिलं तेव्हा पंपघर दिसत नव्हतं. काळा लोंढा उतारावरून येत होता, कुठल्याही घाईत नसल्यासारखा.

बिरुदेव सकाळी सापडला. हात वॉल्व्हच्या चाकावरच होता.

पंचनाम्याला टेपचं एक टोक धरायला माणूस हवा होता. संस्कृतीने ते धरलं. एक नंबरच्या टाकीतल्या पातळीवरून कळलं, फुटली तेव्हा तीनमध्ये मळी निम्म्याहून कमी उरली होती. लोंढा जिथे थांबला ती मळीची कडा आणि पहिली कोपी यांच्यामधलं अंतर तीन मीटर साठ सेंटिमीटर भरलं.