सातव्या प्रश्नाचा उलटा अनुवाद

"तुमचं मूल तुमच्याकडे पाहून हसतं का?" मी विचारले.

"माझ्याकडे पाहून सगळेच हसतात," तो म्हणाला.

ते खोटे नव्हते. बालविभागाच्या बाहेर मोठ्यांच्या खुर्च्या भरल्या होत्या, म्हणून तो मुलांसाठी ठेवलेल्या लाल खुर्चीवर बसला होता. गुडघे जवळजवळ कानांना लागलेले. मांडीवर दोन वर्षांची मुलगी होती आणि तिच्या मुठीत त्याचा चष्मा. त्यामुळे माझ्याकडे पाहताना त्याला डोळे बारीक करावे लागत होते.

"उत्तर हो किंवा नाही, एवढंच द्या."

"हो. पण मूल माझं नाही. भाची आहे. ताई धाकट्याला घेऊन आत गेली आहे."

"म्हणजे तुम्ही मामा. मग तुमची उत्तरं ग्राह्य नाहीत."

"आयुष्यभर हेच ऐकत आलोय."

मी हसले. मुलाखत घेणाऱ्याने हसू नये असा आमचा नियम आहे, कारण हसण्याने समोरच्याची उत्तरे बदलतात. त्याची तर बदललीच. पुढच्या दहा मिनिटांत त्याने मला न विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरे दिली: तो अनुवादक होता, कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रके करत असे, अविवाहित होता, आणि येत्या बुधवारीही भाचीला घेऊन येणार होता.

वहीत मी "मुलाखत अपूर्ण" असे लिहिले, आणि मनातल्या मनात त्याचे नाव "मामा" असे ठेवले. पुढील घटनांचा विचार करता हे नाव फारच गैरसोयीचे ठरले.

माझे काम थोडक्यात सांगते. लहान मुलांमधली स्वमग्नता लवकर लक्षात यावी म्हणून पालकांना विचारायचे वीस प्रश्न दुसऱ्या एका भाषेत तयार झाले होते. ते आमच्याकडच्या आईवडिलांना विचारता येतील असे करायचे होते. या प्रश्नांनी निदान होत नाही; कोणत्या मुलाला तज्ज्ञांनी नीट पाहावे, एवढेच कळते. पण प्रश्न चुकला तर ते मूल पाहिलेच जात नाही. आणि प्रश्न भाषेत जितके चुकतात त्याहून जास्त घराघरांत चुकतात.

पुढच्या बुधवारी दवाखान्याच्या जिन्यावर बसून मी त्याला हेच सांगत होते. हातात यंत्राची कॉफी होती. तिची चव तपासण्यात अर्थ नव्हता.

"उदाहरण द्या," तो म्हणाला.

"प्रश्न सात. 'तुमचं मूल रिकाम्या कपातून काही पिण्याचं नाटक करतं का?' काल एक आई भडकलीच. म्हणाली, 'रिकामा कप का म्हणून देऊ? आमच्या घरात दूध नाही का? चांगला भरून देते!'"

तो इतका हसला की कॉफी त्याच्या बाहीवर सांडली. मी रुमाल दिला. त्याने तो परत केला नाही. ही निरीक्षणे मी तेव्हा नोंदवली नाहीत. आज स्मरणातून नोंदवते आहे, म्हणून त्यांचे पुराव्याचे मूल्य मर्यादित आहे.

बुधवारांत सोमवारांची भर पडली, मग शुक्रवारांचीही. "तुम्ही"चे "तू" कधी झाले ते सांगता येत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र सांगता आले.

"ताई, तू हल्ली फोन उचलताना केस नीट करतेस."

"योगायोग."

"सलग अकरा वेळा? मी मोजलंय. तुझीच बहीण आहे."

दरम्यान मी सातवा प्रश्न दुरुस्त केला. कोणत्याही आईला अपमान वाटू नये म्हणून "रिकाम्या" काढले, वाक्य सोपे केले, मग आणखी सोपे केले. पाचवा मसुदा आमच्या प्रमुखांकडे गेला. आम्ही त्यांना नुसते "बाई" म्हणतो. दुसरे काही म्हणायची कोणाची छाती नाही. बाईंनी तो नियमाप्रमाणे एका तिऱ्हाईत अनुवादकाकडे पाठवला. त्याने मूळ प्रश्न न पाहता माझा मजकूर उलट मूळ भाषेत न्यायचा असतो. तो मुळाशी जुळला तर माझा अनुवाद बरोबर. म्हणून तो माणूस वैद्यकशास्त्राबाहेरचा असावा, आणि आम्हा दोघांचा कसलाही संपर्क नसावा. तो कोण, हे बाई कुणालाच सांगत नाहीत.

संशय घेणे हा माझा व्यवसाय आहे. तरीही ज्या पंधरवड्यात माझा मसुदा त्या अज्ञात माणसाकडे होता, त्याच पंधरवड्यात "मामा" माझ्या कामाचा विषय निघाला की घाईघाईने हवामानावर का बोलू लागतो, हे माझ्या लक्षात आले नाही. तो लाजतो आहे, असा मी निष्कर्ष काढला. नमुना: एक.

उलटा अनुवाद आला. वीसच्या वीस प्रश्न जुळले. बाई चक्क "छान" म्हणाल्या. मग आम्ही ते प्रश्न चाळीस पालकांना विचारून पाहिले, आणि सातव्याला चाळीसपैकी चाळीस जणांनी "हो" म्हटले.

माणसे कोणत्याही बाबतीत चाळीसपैकी चाळीस एकमताची नसतात. मी मसुदा काढून वाचला. "तुमचं मूल खेळताना कपातून पितं का?" ...नाटक कुठे गेले? सोपे करता करता मी प्रश्नाचा जीवच काढून टाकला होता. प्रत्येक मूल कपातून पिते. खोटेखोटे खेळणे ज्याला जमत नाही, तेही. अशा मुलाला माझ्या प्रश्नाने बिनदिक्कत पुढे जाऊ दिले असते; आणि सोमवारपासून हे प्रश्न साठ केंद्रांवर जाणार होते.

चूक माझी होती. पण ती पकडण्यासाठीच तर उलटा अनुवाद असतो! मी तो उघडला. तिथे स्वच्छ लिहिले होते: मूल रिकाम्या कपातून पिण्याचे नाटक करते का.

"रिकाम्या" हा शब्द माझ्या मसुद्यात नव्हता. "नाटक" नव्हते. मूळ प्रश्न न पाहिलेल्या कोणालाही ते ठाऊक असणे शक्य नव्हते. ती भडकलेली आई अनुवादक असण्याची शक्यता मी विचारात घेतली आणि फेटाळली. उरला एकच माणूस.

तो जिन्यावर वाट पाहत होता. मी दोन्ही कागद त्याच्यासमोर धरले. त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"पहिल्याच पानावर ओळखलं," तो म्हणाला.

"आणि बोलला नाहीस?"

"बाईंनी आधीच लिहून घेतलं होतं – पहिल्या अनुवादकाशी संपर्क आढळला तर कळवायचं. कळवलं तर काम संपेपर्यंत तुला भेटू देणार नाहीत, असं वाटलं. सहा महिने... मला जमलं नसतं."

"अरे, पण कागदावर जे नाही ते तू लिहिलंस!"

"मला खरंच दिसलं नाही. वाचताना सगळं तुझ्या आवाजात ऐकू येत होतं. तू काय म्हणणार आहेस ते ठाऊक होतं, तेच लिहीत गेलो." त्याने माझ्या हातातल्या कागदांकडे पाहिले. "वाईट अनुवादक आहे मी."

"अनुवादक वाईट नाहीस. वाईट तपासनीस आहेस." माझा आवाज चढला होता, आणि डोळे भरून येत होते, दोन्हींचे कारण एकच नव्हते. "मुलं सुटली असती. खरी मुलं. तुझ्या भाचीएवढी."

त्याचा चेहरा उतरला. 

"तू सांगण्याआधी मी सांगतो बाईंना," तो उठत म्हणाला. "वीसही प्रश्न पुन्हा तपासून घ्यावे लागतील, नाही?"

"वीसही. दुसऱ्या कोणाकडून तरी."

"आणि तू... मला भेटशील?"

"आधी बाई," मी म्हणाले.

बाईंनी दोघांचेही ऐकून घेतले. सोमवार पुढे ढकलला. मग खणातून नियमभंग नोंदवण्याचा छापील कागद काढून माझ्यासमोर ठेवला. "तुझा मसुदा, तूच भर. अचूक लिही."

तारीख. प्रश्न क्रमांक. त्रुटीचे स्वरूप. सगळे भराभर लिहिले. मग एक रकाना आला: दोन अनुवादकांमधील संबंध.

मी "परिचय" लिहिले. पंख्याचा आवाज येत होता. तो खिडकीपाशी उभा राहून, बाहेर पाहण्यासारखे काही नसताना, बाहेर पाहत होता. त्याच्या मानेवर घाम होता. मी लिहिलेला शब्द पुन्हा वाचला... अचूक नव्हता.

संशोधनाच्या कागदावर चूक गिरवून झाकायची नसते. एकच सरळ रेघ मारायची, आधीचा शब्द वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही, तारीख, कारण लिहायचे. मी "परिचय"वर रेघ मारली. खाली "प्रेम" लिहिले. सही केली. तारीख घातली. कारण: "आधीची नोंद अपुरी."

बाईंनी वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. कागद त्यांनी सरळ त्याच्याकडे सरकवला. "दुसऱ्या पक्षाची सही लागते. वाचून करा. यापूर्वी न वाचता केलेल्या कामाचा अनुभव आहेच."

त्याने वाचले. एकदा, दोनदा... शब्दन्शब्द. कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे... असं अधिकृत कागदावर?"

"खोटं लिहू?" मी विचारले.

"नको नको!" त्याने घाईने सही केली; पेन कागदात रुतले. मग बाईंकडे पाहून चाचरत म्हणाला, "इथे 'उभयपक्षी' असं लिहिलं तर चालेल का?"

"लिहा. पण तारीख घाला," बाई म्हणाल्या. त्याने लिहिले. बाईंनी शिक्का मारला, आणि चष्म्यावरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "या क्षणापासून तुमचा आमच्या प्रकल्पाशी काही संबंध नाही. तेव्हा तिला भेटण्यावर माझ्या बाजूने कसलीही बंदी नाही. आणि तू – नवा सातवा प्रश्न गुरुवारपर्यंत."

"गुरुवारपर्यंत देते."

"गुरुवारपर्यंत म्हणाले. आज नव्हे. आज जा."

बाहेर भरदुपारचे ऊन होते. तो दोन पायऱ्या खाली उतरला, मागे वळला आणि हात पुढे केला. 

मी तो हातात घेतला आणि तसाच धरून ठेवला, अगदी फाटकापर्यंत.